तळहाताएवढा रस्ता

बरकतपुऱ्यातल्या थंडीची भीती कुणी कुणाला घालू नये. हैदराबादच्या नोंदींतला नीचांक ६.१ अंश सेल्सिअस, तोही ८ जानेवारी १९४६चा. एरवी पहाटे दूध आणायला निघताना कानटोपी घालावी आणि नऊ वाजता ती खिशात कोंबावी, एवढाच इथला हिवाळा. रस्त्यावर बर्फ साचण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही बरकतपुरा, काचीगुडा, नारायणगुडा या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांत डिसेंबर ते मार्च या काळात बर्फाचाच विषय चालू असतो, कारण मुलगा शिकागोत, मुलगी टोरोंटोत. शिकागोत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीची पहाट साडेपाचवर आलेली असते. तिकडे कचेरी सुटून अंधारात गाड्या निघालेल्या, इकडे गॅसवर चहाचं आधण आणि नजर फोनकडे. ‘पोचलो’ एवढा एक शब्द आला की घर हलतं.

अशा घरांतून विचारला जाणारा एक प्रश्न दिसतो साधा, पण त्याने शास्त्रज्ञांनाही दीडशेहून अधिक वर्षं झुलवलं आहे. फ्रीजरमधून बर्फाचा खडा काढला की तो बोटांना चिकटतो. मग तोच बर्फ रस्त्यावर पसरला की चाकाखालून निसटतो कसा? याला जोडून दुसरा प्रश्न घ्यावा, तो थेट बरकतपुऱ्याचा. जूनमध्ये मृगाची पहिली सर येते, जेमतेम रस्ता भिजवते, आणि सरळ चाललेली स्कूटर वळणावर आडवी होते. पुढे जुलैत तासन्‌तास कोसळणाऱ्या पावसात मात्र तोच माणूस त्याच स्कूटरवरून नीट घरी येतो. हे कसं? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. घसरणं हा थंडीचा गुण नाही, तो टायर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेल्या पातळ थराचा गुण आहे. अपघात मात्र नुसत्या थराने होत नाही. थर आला आहे हे लक्षात न येता कालचाच वेग ठेवला की होतो.

चार तळहातांवर उभी गाडी

आधी पकड म्हणजे काय ते पाहू. मध्यम आकाराची मोटार माणसांसकट साधारण १,२०० किलोंची धरली तर प्रत्येक चाकावर ३०० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला की कळतं, एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताएवढा. चारही मिळून झेरॉक्सच्या एका कागदापेक्षा कमी. शंभर किलोमीटर लांबीचा महामार्ग असो की बरकतपुरा चमनचं वळण, त्या क्षणी गाडीच्या वाट्याला रस्ता एवढाच येतो. वेग वाढवणं, थांबणं, वळणं, सगळं या कागदावर.

हा तळहात रस्त्याला धरतो कसा? पोळपाटावर कणकेचा गोळा दाबून सरकवून पाहा. पोळपाट जुना, खरबरीत असेल तर कणीक त्याच्या चिरांत शिरते आणि सरकायला तयार होत नाही. तेच पीठ भुरभुरवलं की गोळा सहज फिरतो. टायरचं रबर मऊ असल्यामुळे डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखल भागांत असंच शिरतं आणि अडकतं. शिवाय रबराचे आणि दगडाचे कण अगदी जवळ आले की एकमेकांना किंचित ओढूनही धरतात. यातल्या दोन्ही गोष्टींना एकच अट आहे: मध्ये काही नको. पीठ नको, पाणी नको, तेल नको. केसाएवढ्या जाडीचा थरही या मैत्रीत बिब्बा घालतो.

बर्फ निसरडा का असतो?

शाळेत अनेकांनी शिकलेलं उत्तर असं: वजनाचा दाब पडला की बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये दाखवून दिलं, आणि १८८६ मध्ये जॉन जोली यांनी त्यावरून बर्फावरच्या स्केटिंगचा खुलासा केला. खुलासा देखणा होता, म्हणून तो पाठ्यपुस्तकांत टिकला. पण हिशेब करून पाहिला की तो टायरला लागू पडत नाही. वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला वातावरणाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. आपल्या टायरचा दाब वातावरणाच्या सव्वादोन पटीच्या आसपास. त्याने फरक पडेल तो अंशाच्या सुमारे साठाव्या भागाएवढा. एवढ्याने उणे पाच अंशांवरचा बर्फ काय वितळणार?

खरी गोष्ट बर्फाच्या पृष्ठभागात आहे. हैदराबादची संध्याकाळची सिटी बस डोळ्यांपुढे आणा. आत मधोमध उभ्या असलेल्या माणसाला चारी बाजूंनी शेजारी असतात, त्याला हलायलाच जागा नसते. दारात फुटबोर्डवर लटकलेला माणूस एका हाताने दांडी धरून असतो, तो झुलतो, वळतो, धक्क्यासरशी सरकतो. बर्फाच्या आतले पाण्याचे रेणू मधल्या प्रवाशासारखे घट्ट जखडलेले असतात. सर्वांत वरच्या थरातल्या रेणूंना वरून धरणारं कुणीच नाही, ते फुटबोर्डवरचे. त्यामुळे गोठणबिंदूच्या खाली असतानाही बर्फाची सर्वांत वरची साय पूर्ण घट्ट नसते. असा ओलसर थर असावा ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती. बर्फाचे दोन खडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, हे त्यांनी पाहिलं होतं. दोन खड्यांच्या मध्ये सापडलेली साय आतल्या रेणूंसारखीच घट्ट होते, म्हणून ते जोडले जातात, असा त्यांचा तर्क.

यात दुसरी भर घासण्याच्या उष्णतेची. चाक बर्फावर घसरू लागलं की घर्षणाने उष्णता होते, ती पाणी करते आणि घसरण वाढते. बाउडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये या उष्णतेला महत्त्व दिलं. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्झच्या संशोधकांनी पोलादाची गोळी बर्फावरून घसरवून वेगवेगळ्या तापमानांना मोजमाप केलं. उणे शंभर अंशांच्या आसपास बर्फावर पोलाद घसरेना, आणि सर्वांत कमी घर्षण मिळालं ते उणे सातच्या आसपास. त्याहून ऊब वाढली की बर्फ मऊ पडतो आणि कठीण पोलाद त्यात रुतू लागतं. रबर मऊ, ते रुतत नाही. म्हणून टायरसाठी सर्वांत वाईट बर्फ शून्याच्या अगदी जवळचा, वर पाण्याचा पापुद्रा आलेला.

आता फ्रीजरमधल्या खड्याकडे येऊ. तो साधारण उणे अठरा अंशांवर असतो. बोट लावलं की बोटावरचाच ओलावा गोठतो आणि खडा चिकटतो. तोच खडा ओट्यावर दोन-तीन मिनिटं राहू द्या आणि मग चिमटीत धरून पाहा. मासोळीसारखा निसटेल. खडा तोच, हात तोच, बदललं फक्त त्याचं शून्यापासूनचं अंतर. म्हणून कॅनडातल्या उणे पंचवीसच्या कोरड्या कडाक्यात गाडी तुलनेने बरी धरते, आणि ‘आज जरा ऊब आहे’ असं सांगणारा शून्याच्या आसपासचा दिवस जास्त घातकी ठरतो. फोनवर ‘आज फक्त उणे एक आहे, काळजी नको’ असं ऐकून हायसं वाटणं हा आपला गैरसमज.

हवा चार अंशांवर, रस्ता शून्याखाली

दुसरा गैरसमज तापमानाच्या आकड्याचा. मोबाइल ४ अंश दाखवतो, म्हणजे बर्फ नसणार, असं वाटतं. याला उत्तर महाबळेश्वर देतं. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात थंडीत काही पहाटे गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरा थर दिसतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्या वेळी गावातला पारा मात्र शून्याच्या बराच वर असतो. कारण हवेचं तापमान जमिनीपासून माणसाच्या उंचीवर मोजतात. निरभ्र रात्री उघडी जमीन, पानं, पत्रा आपली उष्णता सरळ आकाशाकडे उत्सर्जित करतात आणि हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. आकाशात ढग असले तर ते गोधडीचं काम करतात, नसले तर जमीन उघडीच झोपते.

ही युक्ती आपल्याकडे फ्रीज येण्याच्या कितीतरी आधी लोकांना ठाऊक होती. अलाहाबादच्या बाजूला हिवाळ्यात उघड्या मैदानात पेंढ्यावर उथळ मातीची ताटं मांडून त्यांत रात्री पाणी ओतत आणि पहाटे बर्फाचे पापुद्रे गोळा करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. हवा गोठणबिंदूच्या वर असताना तयार झालेला हा बर्फ होता. पेंढ्याचं काम जमिनीची ऊब खालून येऊ न देण्याचं.

तो पेंढा लक्षात ठेवा, कारण पुलावर बर्फ आधी का होतो याचं उत्तर त्यात आहे. साध्या रस्त्याच्या पोटात दिवसभराची ऊब साठलेली असते, ती रात्री हळूहळू वर येत राहते. पुलाखाली मात्र नुसती हवा. तो वरून थंड होतो, खालूनही होतो, आणि खालून ऊब पुरवणारं कुणी नाही. अमेरिकेत पुलांआधी ‘पूल रस्त्याच्या आधी गोठतो’ अशा अर्थाच्या पिवळ्या पाट्या असतात त्या यामुळे. हैदराबादला कधी बर्फ झालाच तर तो बरकतपुऱ्याच्या गल्लीत नंतर होईल, दुर्गम चेरुवूच्या केबल पुलावर आधी.

अशा वेळी जो बर्फ होतो त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तो काळा नसतो. पांढरा बर्फ पांढरा दिसतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे. रस्त्यावरची ओल सावकाश गोठली की हवा अडकत नाही, काचेसारखा पापुद्रा बनतो आणि त्यातून खालचं डांबर आरपार दिसतं. माणसाला वाटतं, रस्ता ओला आहे एवढंच. मनालीहून अटल बोगद्याकडे किंवा रोहतांगकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी याचा इशारा ऐकलेला असतो. दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ओघळतं आणि सूर्य डोंगराआड गेला की जागच्या जागी गोठतं. कचेरीतून घरी परतण्याची वेळ नेमकी हीच. शिकागोत डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. सकाळी ज्या रस्त्याने माणूस कोरडा गेला, तोच रस्ता दिवसभर ओला होऊन संध्याकाळी काच झालेला असतो. सकाळचा अनुभव इथे उपयोगाचा नाही, उलट तोच फसवतो. एक खूण मात्र कामाची आहे. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागून तुषार उडत नाहीत, म्हणजे ते पाणी नाही.

वेगाचा हिशेब

थर आला की पकड किती उरते? कोरड्या डांबरावर दर शंभर किलो भारामागे सुमारे सत्तर किलोची पकड मिळते. ओल्या रस्त्यावर ती पन्नासच्या आसपास येते, दाबलेल्या बर्फावर वीस-पंचवीस, आणि काचेसारख्या बर्फावर दहा, कधी पाचही. वाहनशास्त्रात याला घर्षणांक म्हणतात. ०.७, ०.५, ०.१ असे ते आकडे. थांबायचं अंतर दोन गोष्टींवर ठरतं. घर्षणांक निम्मा झाला की अंतर दुप्पट होतं. वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं.

चौकट: ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत
ताशी ५० किमी, कोरडा रस्ता: सुमारे १४ मीटर
ताशी ५० किमी, ओला रस्ता: सुमारे २० मीटर
ताशी ५० किमी, काचेसारखा बर्फ: सुमारे ९८ मीटर
ताशी ३० किमी, काचेसारखा बर्फ: सुमारे ३५ मीटर
(पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. ताशी ५० किमी वेगात त्या सेकंदात गाडी आणखी १४ मीटर जाते.)

ताशी ३०ची ओळ नीट पाहा. बर्फावर ताशी ३० म्हणजे ‘सावकाश’ असं ज्याला वाटतं, त्याला थांबायला कोरड्या रस्त्यावरच्या ५०च्या अडीचपट जागा लागते. वळणाचंही तसंच. पन्नास मीटर त्रिज्येचं जे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ६५ पर्यंत निभतं, ते बर्फावर ताशी २५लाच हातातून जातं. चाळीस मीटरवरचा लाल दिवा आणि शंभर मीटरवरचा लाल दिवा यांत डोळ्यांना फारसा फरक वाटत नाही, पण बर्फावर तेवढ्यातच सगळं येतं.

शिवाय पकड हा खिशातला ठरावीक पैसा आहे. कोरड्या रस्त्यावर खिशात सत्तर रुपये आहेत. चाळीस ब्रेकला दिले तरी वळणाला काही उरतात. बर्फावर दहाच रुपये. ते सगळे ब्रेकला दिले की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून तिकडचे शिकवणारे सांगतात की वळण येण्याआधी वेग कमी करा, वळताना पायाने काहीच करू नका. गाडी घसरू लागलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, ब्रेक करकचून दाबू नका, आणि जायचं आहे तिकडे बघत चाकं तिकडे ठेवा. खड्ड्याकडे बघत राहिलं की हात नकळत खड्ड्याकडेच वळतात, हे इथल्या स्कूटरवाल्याला वेगळं सांगायला नको.

पहिला दिवस

इथवर आलेलं सगळं वाचून वाटेल की जिथे बर्फ जास्त तिथे मृत्यू जास्त. आकडे तसं सांगत नाहीत, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. आयझेनबर्ग आणि वॉर्नर या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २००० या काळातल्या अपघातांची हिमवृष्टीच्या नोंदींशी सांगड घातली. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्फ पडलेल्या दिवशी ठोकरा आणि किरकोळ दुखापती वाढतात, पण प्राणघातक अपघात कोरड्या दिवसांपेक्षा कमी होतात, असं त्यांना आढळलं. कारण उघड आहे. पांढरा रस्ता समोर दिसतो, माणसं हळू जातात, ठोकर लागते ती हळू लागते. अपवाद एकच: मोसमातला पहिला बर्फाचा दिवस. तो इतर बर्फाच्या दिवसांपेक्षा कितीतरी घातक निघाला, विशेषतः वयस्कर चालकांसाठी. त्या दिवशीही बर्फ तसाच असतो. माणसाचा पाय मात्र अजून उन्हाळ्यात असतो.

सवय नसलेलं अख्खं शहर सापडलं तर काय होतं, ते अटलांटाने २८ जानेवारी २०१४ रोजी पाहिलं. बर्फ पडला जेमतेम अडीच इंच. शिकागोत एवढ्याची कुणी दखलही घेतली नसती. पण दुपारी शाळा, सरकारी कार्यालयं आणि कंपन्या एकाच वेळी सुटल्या, सगळ्या गाड्या एकदमच रस्त्यावर आल्या, चाकांखाली भुसभुशीत बर्फ दाबला जाऊन काच झाला. मीठ-वाळूचे ट्रक त्या कोंडीत शिरूच शकले नाहीत. हजारो लोकांनी रात्र महामार्गावर काढली, मुलं शाळांत झोपली, एका बाळाचा जन्म शहराबाहेरच्या वळण-महामार्गावर गाडीतच झाला. अर्ध्या तासाच्या परतीला ज्यांना अठरा-वीस तास लागले त्यांना थंडीने अडवलं नव्हतं. सगळे एकाच तासाला घरी निघाले, याने अडवलं.

हैदराबादने हा धडा बर्फाशिवायच घेतला. जुलै २०२३च्या अतिवृष्टीत सायबराबाद पोलिसांनी आयटी कंपन्यांना कर्मचाऱ्यांना दुपारी तीन, साडेचार आणि सहा अशा टप्प्यांत सोडायला सांगितलं. अटलांटाला त्या दिवशी नेमकं हेच हवं होतं.

बरकतपुऱ्याचा बर्फ

आता मृगाच्या सरीकडे. मार्च ते मे या काळात रस्त्यावर काय काय साचतं, ते पाहा. टायरांचं झिजलेलं रबर, इंजिनातून ठिपकणारं ऑइल, डिझेलची काजळी, बांधकामाची बारीक माती. डांबराच्या ज्या खाचाखोचांत रबर शिरायचं, त्या या मळीने भरून जातात. त्यावर पाच मिनिटं पाऊस भुरभुरला की तिचा लेप होतो. घरात शहाबादी किंवा तांडूरची फरशी असलेल्यांना हे चटकन कळेल. धूळ बसलेल्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं तर माणूस पडत नाही, धूळ वाहून जाते. पण त्यावर अर्धवट पिळलेलं साबणाचं फडकं फिरवलं की पाय गेलाच. जुलैतला धो धो पाऊस ही बादली, जूनमधली पहिली सर हे फडकं. आयझेनबर्ग यांनीच २००४ मध्ये पावसाच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की आधीचे कोरडे दिवस जितके जास्त, तितका पुढच्या पावसाच्या दिवशी अपघातांचा धोका जास्त. आपल्याकडे कोरडे दिवस सलग महिनोन्‌महिने असतात.

हायटेक सिटीहून खैरताबाद, हिमायतनगर, नारायणगुडा करत बरकतपुऱ्याला येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या वाटेत आणखी काही सापळे असतात. झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलांच्या सांध्यांतल्या पोलादी पट्ट्या. कोरड्यात यांचं काही वाटत नाही. ओल्यात मात्र ते घातकी, कारण त्यांना खाचाच नसतात आणि रबराला शिरायला जागा मिळत नाही. मोटार घसरली तर निदान चार चाकांवर उभी राहते. दुचाकीचा तोलच बाजूच्या पकडीवर असतो. पुढचं चाक निसटलं की सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

‘पण माझी गाडी नवी आहे’

यावर जे आक्षेप येतात ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला एबीएसचा. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाकींना ते सक्तीचं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच करतं, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही वळवता येतं. खिशातले दहा रुपये ते काटकसरीने वापरतं, दहाचे वीस करत नाही. भुसभुशीत बर्फावर तर थांबायचं अंतर कधी कधी वाढतंही. दुसरा आक्षेप चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोठ्या गाडीचा. ती निघताना उपयोगी पडते, कारण ढकलायला दोनऐवजी चार तळहात असतात. थांबताना मात्र छोट्या गाडीलाही चारच ब्रेक असतात आणि मोठीलाही चारच. सहज निघता आलं म्हणून सहज थांबता येईल असं वाटतं, हाच तिचा तोटा. तिसरा, जड गाडी घट्ट बसते हा. वजनाबरोबर पकड वाढते हे खरं, पण थांबवायचा भारही तेवढाच वाढतो. गणितात वजन दोन्हीकडून कटतं.

चौथा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिकडे मीठ टाकतात ना? टाकतात, आणि त्याने खूप फरक पडतो. मोजमजाही मार्केटच्या आइस्क्रीमवाल्यांना किंवा घरी लाकडी बादलीत भांडं फिरवून आइस्क्रीम केलेल्यांना बर्फात खडेमीठ का घालतात ते ठाऊक आहे. मीठ मिसळलं की पाणी शून्यावर गोठत नाही, मिश्रण आणखी थंड होऊनही पातळ राहतं. पुरेसं मीठ असेल तर हे उणे एकवीसपर्यंत चालतं, पण रस्त्यावर उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फारसं कामाचं उरत नाही. टायरचंही असंच. साधं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं, जुन्या हवाई चपलेसारखं. थंडीच्या खास टायरांचं रबर मऊ राहतं आणि त्यांना बारीक चिरा असतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २००८ पासून असे टायर सक्तीचे केले आहेत. या दोन गोष्टी खरोखर पकड वाढवतात. पण मीठ-टायर धरूनही बर्फावरची पकड कोरड्या डांबराएवढी होत नाही. खिशात दहाच्या जागी वीस-पंचवीस रुपये येतात, सत्तर नव्हे.

राहिला पाचवा, हैदराबादी आक्षेप: कोटी भागातल्या गर्दीत वीस वर्षं गाडी चालवली, आता काय घाबरायचं? कोटीची गर्दी माणसाला इंचा-इंचाचा अंदाज शिकवते, आणि तो सगळा अंदाज कोरड्या रस्त्याच्या पकडीवर बेतलेला असतो. पुढच्या गाडीला चिकटून चालण्याची ती सवय शिकागोच्या पुलावर आणि जूनच्या पहिल्या संध्याकाळी सारखीच अडचणीत आणते.

शिकागो-टोरोंटोतल्या मुलांना सांगायचं असेल तर ‘जपून ये रे’ यापेक्षा ‘पुढच्या गाडीपासून नेहमीच्या पाचपट अंतर ठेव’ हे सांगणं जास्त उपयोगाचं. आणि बरकतपुऱ्यात राहणाऱ्यांनी येत्या मृगाआधी एकदा गाडीच्या टायरवर तळहात फिरवून पाहावा. मोटारीच्या टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. ते वरच्या रबराला समपातळीत आले असतील तर पहिल्या सरीची वाट न बघता टायर बदला.